त्यालाही खेळायला बोलवा



आपल्या गावात विहिरी किती, मोटारी किती, अद्रक किती एकरांवर आहे, मक्याला या साली काय भाव मिळाला, असे कोणी विचारले तर पारावर बसलेला माणूस जागचा न हलता सांगेल. फुलंब्रीसारख्या तालुक्यात शेताचा हिशेब सगळ्यांना तोंडपाठ असतो. आता त्याच माणसाला विचारा, की गावात हाताने, पायाने, डोळ्याने किंवा कानाने अधू अशी मुले किती आहेत? तो थांबेल. एक नाव त्याला आठवेल, दुसरे त्याची बायको आठवून देईल. तिसऱ्या घरी एक मुलगी आहे हे सर्वांना ठाऊक असते, पण ती कधी दिसत नाही, म्हणून मोजायची राहून जाते.

ही मुले दिसत नाहीत याचे कारण त्यांचे आईबाप निर्दय असतात असे मुळीच नाही. उलट फार जीव लावणारे असतात. आई कापूस वेचायला निघते तेव्हा लेकराला ओट्यावर बसवते. शेजारी पाण्याचा तांब्या, फडक्यात भाकरी, आणि "हलू नको रे, पडशील" एवढे सांगून जाते. दिवस मावळता परत येते तेव्हा ते तिथेच असते. पडलेले नसते, म्हणून ती समाधानाने चुलीकडे वळते. असे एक वर्ष जाते, मग दहा जातात. पडू नये म्हणून बसवलेले लेकरू उभे राहायची धडपडच सोडून देते. त्याहून वाईट हे की, आपल्याला कोणी खेळायला बोलावणार नाही ही गोष्ट त्याच्या मनात इतकी पक्की बसते, की पुढे कोणी बोलावले तरी ते "मला नाही जमत" म्हणून मान फिरवते.

या लेखात त्याच्या खेळाविषयी लिहायचे आहे. तुम्ही म्हणाल, आधी त्याच्या औषधपाण्याचे बघू, शिक्षणाचे बघू, खेळ कसला घेऊन बसलात? पण औषधपाणी घरात बसून होते, शिक्षणही अर्धेमुर्धे घरात होते. माणसात मिसळणे मात्र घरात बसून होत नाही, आणि लहान वयात माणसात मिसळायचे ठिकाण म्हणजे मैदान.

एक खुलासा आधीच करतो. सरकारी कागदांवर आता 'अपंग' हा शब्द जाऊन 'दिव्यांग' आला आहे. घरात बोलताना आपल्या तोंडात अजून जुनाच शब्द येतो, म्हणून इथे दोन्ही येतील. कोणी राग मानू नये.

सुरगाण्याचा दिलीप

नाशिक जिल्ह्यात, गुजरातच्या सीमेला लागून सुरगाणा तालुका आहे. तिथल्या तोरणडोंगरी या आदिवासी गावचा दिलीप महादू गावित. घर शेतकऱ्याचे, परिस्थिती बेताची. लहानपणी झाडावरून पडला आणि त्यात एक हात गमावून बसला. आपल्याकडे अशी किती पोरे चिंचेवरून, आंब्यावरून पडतात! बहुतेक वाचतात, एखाद्याचे नशीब फिरते.

आता हात गेल्यावर धावायला काय अडचण, असे कोणालाही वाटेल. धावायचे पायांनी! पण तुम्ही एक हात कमरेला बांधून बांधाबांधाने पळून बघा. माणूस पळताना हातांनी तोल धरतो. एक हात नसला की अंग एका बाजूला ओढले जाते आणि वळणावर पाय वाकडा पडतो. चारशे मीटरच्या शर्यतीत तर मैदानाचा पूर्ण एक फेरा असतो, म्हणजे दोन वळणे आली. सुरुवातीला दोन्ही हात जमिनीवर टेकून जी झेप घेतात, तीही एका हाताच्या धावपटूला निराळ्या पद्धतीने शिकावी लागते. ज्याचा हात जमिनीपर्यंत पुरत नाही त्याला खाली ठोकळा ठेवायची मुभा असते. नाशिकचे प्रशिक्षक वैजनाथ काळे यांच्या हाताखाली दिलीप तयार झाला.

ऑक्टोबर २०२३ मध्ये चीनमधल्या हांगझोऊ शहरात आशियाई देशांच्या दिव्यांग खेळाडूंच्या स्पर्धा झाल्या. तिथे दिलीपने चारशे मीटरची शर्यत ४९.४८ सेकंदांत जिंकली. गंमत अशी, की त्या स्पर्धांतले भारताचे ते शंभरावे पदक ठरले. एकूण पदके १११ झाली. पुढच्या वर्षी, २०२४ साली, पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये तो अंतिम फेरीत धावला आणि आठवा आला. आपल्याकडे आठव्याला कोणी हार घालत नाही. पण जगभरातून निवडून आलेल्या आठ जणांत सुरगाण्याचा पोरगा उभा होता, एवढे तरी मनात धरावे.

जोड बरोबरीची लागली पाहिजे

अपंग मुलाला खेळायला लावले तर ते धडधाकट पोरांपुढे हरणारच, आणि हरून आणखी खचणार, ही भीती आईबापांना असते. भीती खरी आहे. म्हणूनच या खेळांत एक व्यवस्था केलेली आहे. ती नीट समजून घेण्यासारखी आहे.

जत्रेतल्या कुस्त्यांचा फड आठवा. सकाळी रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात, त्यात बारकी पोरे असतात. दुपार कलली की मोठे मल्ल उतरतात. जोड लावणारा जाणता माणूस दोघांना शेजारी उभे करतो, अंगलट बघतो, वजन बघतो, आणि मगच हात मिळवायला लावतो. बारक्या पोराला वस्तादासमोर उभे केले तर लोक त्याला कुस्ती म्हणणार नाहीत.

दिव्यांगांच्या खेळात हाच जोड लावण्याचे काम वैद्यकीय जाणकारांचे मंडळ करते. त्याला वर्गवारी म्हणतात. खेळाडूला तपासून, प्रत्यक्ष खेळताना बघून त्याला एक अक्षर आणि एक आकडा देतात. धावण्याच्या शर्यतींना 'टी', मैदानावरच्या फेकीला 'एफ'. अकरा ते तेरा हे आकडे दृष्टी कमी असणाऱ्यांचे. वीस हा बुद्धीची वाढ कमी असणाऱ्यांचा. तिशीच्या घरातले आकडे मेंदूच्या दोषामुळे ज्यांचे हातपाय ताठतात किंवा हेलकावतात त्यांचे. चाळीस-एक्केचाळीस ठेंगण्या उंचीच्या खेळाडूंचे. त्यापुढे पायाच्या आणि हाताच्या दोषाचे, पन्नाशीत बसून फेकणाऱ्यांचे. एकाच प्रकारच्या दोषात साधारणपणे आकडा जितका लहान तितका दोष जास्त. दिलीपचा गट टी-४७, म्हणजे हाताच्या दोषाचा.

ज्यांना अजिबात दिसत नाही त्यांच्या शर्यतीत तर सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी असते. कोणाला किंचित उजेड कळत असेल तर त्याचाही फायदा मिळू नये म्हणून. शेजारी एक डोळस सोबती धावतो. दोघांच्या हातात एकाच पट्ट्याची दोन टोके असतात. सोबत्याने पुढे ओढायचे नाही आणि शेवटच्या रेषेवर खेळाडूच्या आधी जायचे नाही. खेळाडूला पदक मिळाले तर सोबत्यालाही मिळते. हा खेळ आपल्या गावात उद्या सकाळी सुरू करता येईल. दोराचा हातभर तुकडा लागतो आणि पायाला पाय मिळवून धावणारा भाऊ किंवा बहीण लागते. सुरुवात मात्र चालण्यापासून करावी, आणि ढेकळांच्या रानात नको, शाळेच्या सपाट मैदानावर करावी.

कानाने ऐकू न येणाऱ्यांच्या स्पर्धा वेगळ्या असतात, त्या पॅरालिम्पिकमध्ये नसतात. त्यांचे स्वतंत्र ऑलिम्पिक आहे. तिथे पिस्तुलाच्या आवाजाऐवजी दिव्याच्या उजेडाने शर्यत सोडतात. हे वेगळेपण आधीच माहीत असावे, नाहीतर पालक चुकीच्या दारात चकरा मारत राहतात.

हे सारे सुरू कसे झाले? दुसऱ्या महायुद्धात पाठीच्या कण्याला गोळ्या लागून कमरेखाली लुळे झालेले सैनिक इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल गावच्या रुग्णालयात होते. डॉ. लुडविग गुटमन यांनी २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिम्पिक ज्या दिवशी सुरू झाले त्याच दिवशी, त्यांच्यापैकी सोळा जणांची तिरंदाजीची स्पर्धा लावली. त्यातूनच पॅरालिम्पिक उभे राहिले. आणि यात आपला मराठी माणूस फार लवकर पोचला होता. सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर, लहानपणी कुस्ती खेळणारे, सैन्यात मुष्टियुद्ध करणारे. १९६५ च्या लढाईत त्यांना गोळ्या लागल्या. उपचार म्हणून पाण्यात उतरले, आणि १९७२ साली जर्मनीतल्या हायडलबर्गला ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकून आले. पॅरालिम्पिकमधले भारताचे ते पहिले सुवर्णपदक. सरकारने पद्मश्री दिली ती २०१८ साली, म्हणजे सेहेचाळीस वर्षांनी! असो.

शेतातले अपघात आणि त्यानंतर

पूर्वी गावात लंगडणारे मूल दिसले की ते पोलिओचे, असे न विचारता कळायचे. लसीच्या थेंबांनी तो रोग हटला. २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. आज आपल्या घरांत जी मुले अपंग होतात त्यांची कारणे निराळी असतात. बाळंतपणात बाळ उशिरा रडले आणि मेंदूला प्राणवायू कमी पडला, हे एक. मोटारसायकलचे अपघात हे दुसरे. आणि तिसरे म्हणजे आपले स्वतःचे शेत. कडबाकुट्टीत हात जातो, मळणी यंत्रात बाही अडकते, ओल्या हाताने स्टार्टरला हात लागतो, लोंबकळणाऱ्या तारेला लोखंडी पाइप टेकतो.

करमाळा तालुक्यातल्या सुयश जाधवचे असेच झाले. शाळकरी वयात खेळता खेळता हातातली लोखंडी सळई विजेच्या तारेला लागली आणि दोन्ही हात गेले. अकरा-बारा वर्षांच्या पोराला पुढे काय दिसत असेल? त्याचे वडील शारीरिक शिक्षणाचे शिक्षक आणि स्वतः पोहणारे. त्यांनी पोराला पाण्यात नेले. हात नसताना पोहायचे म्हणजे सगळा भार पाठीवर, पोटावर आणि पायांवर. सुयशने २०१६ साली रिओच्या पॅरालिम्पिकमध्ये भाग घेतला, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत बटरफ्लाय प्रकारात सुवर्ण मिळवले, आणि २०२० साली त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला.

पोहण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. पाणी अंगाचा भार उचलते, म्हणून जमिनीवर न हलणारे अंग पाण्यात हलते. पण विहिरीत दोर बांधून सोडण्याचा आपला जुना रिवाज या मुलांसाठी वापरू नका. ज्याला फेफरे येते त्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात नेऊच नये. कमरेखाली ज्याला स्पर्श कळत नाही त्याची कातडी हौदाच्या सिमेंटला खरचटली तरी त्याला समजत नाही. जखम आत चिघळत जाते. पाण्यातून बाहेर काढले की टाचा, गुडघे, बैठकीची जागा आईने डोळ्यांनी बघावी, बोटांनी चाचपावी.

आता आटपाडीकडे वळू. तिथल्या करगणी गावचा सचिन खिलारी हा शेतकऱ्याचा मुलगा. शाळेत असताना सायकलवरून पडला, हाताचे हाड मोडले, पुढे जखमेत गँगरीन झाले. शस्त्रक्रिया झाल्या, हात राहिला, पण त्यात पूर्वीची ताकद आली नाही. सचिन इंजिनिअर झाला. आधी भाला फेकत होता, खांदा दुखावल्यावर गोळ्याकडे वळला. २०२३ साली आणि पुन्हा २०२४ साली तो त्याच्या गटाचा जगज्जेता झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये पॅरिसला त्याने १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक जिंकले. सुवर्ण कॅनडाच्या खेळाडूने नेले, १६.३८ मीटर फेकून. सहा सेंटिमीटरचा फरक. आपल्या हाताची चार बोटे जोडून जमिनीवर टेकवा, जवळपास तेवढाच!

या तिघांच्या गोष्टी मी पदकांसाठी सांगितल्या नाहीत. पदके थोड्यांनाच मिळतात. भारताला पॅरिसमध्ये २९ मिळाली, तीही सगळ्या देशातून. मला दाखवायचे आहे ते हे, की तिघांच्याही बाबतीत कोणीतरी एक मोठे माणूस होते, ज्याने पोराच्या उरलेल्या अंगाकडे पाहिले. हात गेला तर पाय किती बळकट आहेत हे पाहिले. आपण गेलेल्या अवयवाचा शोक करत बसतो. दहा वर्षे झाली तरी येणाऱ्या पाहुण्याला तीच गोष्ट, तीही लेकरासमोर, पहिल्यापासून सांगतो. कृपा करून हे तेवढे थांबवा.

'तुझं काय?' एवढाच प्रश्न

आता मला ज्या गोष्टीचे सर्वांत अधिक महत्त्व वाटते तिच्याकडे येतो. गावात अपंग मूल बहुधा एकटे असते. शाळेत एक, वाडीत एक. वर्गातली पोरे वाईट नसतात, पण क्रिकेटची टीम पाडताना त्याला 'राखीव' ठेवतात किंवा पंच करतात. आयुष्यभर पंचगिरी करून कोणाला खेळ येईल?

तेच मूल पहिल्यांदा दिव्यांगांच्या जिल्हास्तरीय स्पर्धेला जाते तेव्हा काय पाहते? तिथे सगळ्यांचेच काही ना काही आहे. कोणाचा पाय काढून बाकावर ठेवलेला आहे आणि तो मजेत डबा खातो आहे. कोणी कुबडीने चेंडू टोलवतो आहे. आंधळी मुले खुळखुळणाऱ्या चेंडूने क्रिकेट खेळताहेत. त्या चेंडूत छर्रे असतात, आवाजावरून फटका मारायचा. तिथे कोणी कीव करत नाही. "तुझं काय?" एवढे विचारतात, उत्तर मिळाले की "बरं, चल खेळायला" म्हणतात. ज्या प्रश्नाला ते मूल घरी घाबरत होते तो तिथे 'तुझं गाव कोणतं' इतका साधा होऊन जातो.

आणि बारीकसारीक विद्याही त्याला तिथेच मिळते. एका हाताने बुटाची नाडी कशी बांधायची, कुबडी पावसात घसरू नये म्हणून रबर कधी बदलायचे, कृत्रिम पायाच्या आत घाम आला तर काय करायचे, एसटीत चढताना आधी कोणता पाय टाकायचा. हे डॉक्टर सांगत नाही, मास्तरांना माहीत नसते. पाच वर्षांनी मोठा असलेला, तसाच एखादा दादा सांगतो. घरी आल्यावर आई बघते तर पोरगा आपली आपण नाडी बांधतोय!

आईबापांचेही तसेच आहे. मैदानाच्या कडेला बसलेल्या आया तासाभरात एकमेकींशी अशा बोलू लागतात की जणू एका गावच्या. कोणत्या दवाखान्यात काय मिळते, कोणी फसवले, कोणता कागद कुठे अडतो, हे तिथे कळते. लेकराला घेऊन जाताना म्हणून वडिलांनी एकट्याने जाऊ नये, आईला न्यावे. जिने दहा वर्षे त्याला उचलले तिला हा दिवस दाखवला पाहिजे.

फुलंब्रीहून सुरुवात कशी करावी

पहिले काम कागदाचे. दिव्यांग प्रमाणपत्र आणि त्याचे ओळखपत्र, ज्याला यूडीआयडी कार्ड म्हणतात, हे नसेल तर आधी काढा. अर्ज सरकारच्या स्वावलंबन संकेतस्थळावर करायचा असतो. जवळच्या सेवा केंद्रावरून भरता येतो. नंतर सरकारी रुग्णालयात तपासणी होते. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार मान्य केले आहेत, म्हणजे नुसते हातपायच नाहीत. चाळीस टक्के किंवा जास्त दोष असेल तर बहुतेक सवलती लागू होतात, एसटीच्या भाड्यातली पंचाहत्तर टक्के सवलतही त्यात आली. टक्के वाढवून देतो म्हणणारा दलाल भेटला तर त्याला हाकलून द्या. खोटा कागद खेळाच्या वर्गवारीत उघडा पडतो आणि खऱ्या गरजवंताची जागा खातो.

एक गोष्ट लोकांना माहीत नसते. प्रमाणपत्रावरचे टक्के आणि खेळातला गट या दोन वेगळ्या बाबी आहेत. साठ टक्क्यांचे प्रमाणपत्र असूनही एखाद्या खेळात बसणार नाही असे होऊ शकते. म्हणून मुलाला खूप आशा लावण्याआधी जाणत्या प्रशिक्षकाला दाखवावे.

दुसरे काम शाळेत. मुख्याध्यापकांना भेटा. त्याच २०१६ च्या कायद्यात, सोळाव्या कलमात, दिव्यांग मुलांना इतरांच्या बरोबरीने खेळाची संधी द्यायला शाळांना सांगितले आहे. भांडायला जाऊ नका, विनंती करा. पण कलमाचा आकडा वहीत लिहून न्या, उपयोगी पडतो. खेळाच्या तासाला त्याला वर्गात फळा पुसायला ठेवू नये, एवढे मान्य करून घेतले तरी पहिली पायरी झाली.

तिसरे, ग्रामपंचायत. आपल्या स्वतःच्या उत्पन्नातली पाच टक्के रक्कम ग्रामपंचायतीने दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. गेल्या साली ती कशावर खर्च झाली, हे ग्रामसभेत उभे राहून विचारा. शाळेच्या मैदानाकडे जाणारी पायरी काढून उतार करायला किती सिमेंट लागते?

आता खेळाच्या सामानाचे. बसून गोळा किंवा थाळी फेकणाऱ्यांना लोखंडी बैठक लागते. ती परदेशातून आणायची गरज नाही, गावातला वेल्डिंगवाला करून देईल. नियमाप्रमाणे गादीसकट तिची उंची पाऊण मीटरपेक्षा जास्त चालत नाही. चार पाय जमिनीत रोवलेल्या खुंट्यांना पट्ट्याने घट्ट बांधायचे, म्हणजे फेकताना बैठक उलटत नाही. बैल बांधणाऱ्याला खुंटी कशी ठोकायची हे शिकवायला नको! कुबड्या वापरून ज्यांचे दंड बळकट झाले आहेत त्यांना झोपून वजन उचलण्याचा खेळ चांगला. मात्र तो माणसाशिवाय एकट्याने करू नये, दोन्ही बाजूंना दोघे उभे हवेत.

पुढचा टप्पा शहरात. फुलंब्रीहून छत्रपती संभाजीनगर एसटीने फार लांब नाही. अजिंठ्याकडून येणाऱ्या गाड्या सारख्या असतात. शहरात गारखेडा भागात विभागीय क्रीडा संकुल आहे आणि विद्यापीठाच्या आवारात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन दोनच प्रश्न विचारा: दिव्यांगांच्या पुढच्या स्पर्धा कधी आहेत, आणि आमच्या मुलाच्या प्रकाराला शिकवणारे कोण आहे. तिसऱ्या डिसेंबरच्या, म्हणजे जागतिक दिव्यांग दिनाच्या, आसपास अशा स्पर्धा ठिकठिकाणी होतात. म्हणून दिवाळी आटोपली की चौकशी सुरू करावी. तिथून पुढे राज्य निवड आणि राष्ट्रीय स्पर्धा असा जिना आहे. 'खेलो इंडिया' मध्ये दिव्यांगांच्या स्पर्धा २०२३ साली प्रथम झाल्या, २०२५ साली दुसऱ्यांदा. निवडीसाठी पैसे मागणारा कोणी भेटला तर तो खेळातला माणूस नव्हे, हे पक्के समजा.

आणि मुलगी असेल तर?

मुलगा अपंग असला तर त्याला निदान ओट्यावर बसवतात. मुलीला मागच्या खोलीत. तिच्या लग्नाचे कसे होईल आणि तिच्यामुळे धाकटीच्या लग्नाचे कसे होईल, या काळजीत तिचे सगळे वय निघून जाते. लोकांना दिसली नाही तर बरे, असे कोणी तोंडाने म्हणत नाही, पण वागणे तेच असते.

नांदेड जिल्ह्यातल्या भाग्यश्री जाधव यांना चाकाची खुर्ची धरावी लागली. खेळाकडे त्या वळल्या २०१७ च्या सुमारास, म्हणजे तिशी उलटल्यावर. त्या बसून गोळा फेकतात. टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये सातव्या आल्या, पॅरिसमध्ये पाचव्या. मध्ये आशियाई स्पर्धेत रौप्य आणि २०२४ च्या जागतिक स्पर्धेतही रौप्य मिळवले. पॅरिसच्या उद्घाटन सोहळ्यात भारताचा तिरंगा हाती धरण्याचा मान दोघांना मिळाला होता, त्यातल्या एक भाग्यश्रीताई होत्या. मराठवाड्यातली बाई, चाकाच्या खुर्चीत, देशाचा झेंडा घेऊन साऱ्या जगापुढे. हे चित्र आपल्या मागच्या खोलीतल्या मुलीला जरूर दाखवा, घरात मोबाइल आहेच.

मुलीला बाहेर पाठवायचे तर काही गोष्टी मोकळेपणी विचारल्या पाहिजेत, त्यात संकोच नको. शिबिरात बाई प्रशिक्षक आहेत का? मुलींच्या मुक्कामाची जागा वेगळी आहे का? संडासात खुर्ची आत जाते का? तिला कपडे बदलायला मदत लागते, तर सोबत आई किंवा बहीण राहू शकते का? पाळीच्या दिवसांत काय सोय? ज्या ठिकाणी या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळतील तिथेच पाठवा. जिथे प्रश्न विचारल्याचा राग येतो तिथून परत या. मुलीलाही सांगून ठेवा, की व्यायाम शिकवण्याच्या नावाखाली कोणी नको तसा हात लावला तर ओरडायचे आणि घरी येऊन सांगायचे. घरी सांगितल्यावर तिचा खेळ बंद करण्याची शिक्षा मात्र तिलाच देऊ नका.

पहिल्या दिवशी फार काही घडत नाही, हेही सांगून ठेवतो. मूल बुजते. मैदानाच्या कडेला बसून राहते, "घरी चला" म्हणते. गोळा पायाजवळच पडतो. वडिलांना वाटते, खाडा करून आलो आणि काय मिळाले? तेव्हा त्याला रागावू नका, शेजारच्या पोराशी तुलनाही करू नका. डबा तिथेच, सगळ्यांबरोबर बसून खायला लावा. पहिल्या महिन्यात आठवड्याला एक खेप केली तरी चालेल. पेरणीच्या आणि वेचणीच्या दिवसांत तीही चुकेल. चुकली तर घरी अंगणात मातीने भरलेली पिशवी फेकायला द्या, चुन्याची रेघ मारा, आणि कुठपर्यंत गेली ते धाकट्या भावाला टेपने मोजून भिंतीवर तारखेसह लिहायला सांगा.